दोन तासांच्या गोष्टीचे आठ एपिसोड कशाला करतात?

रात्रीचा_शो:
थेटरला जाणं जवळपास बंदच झालंय, जे काय बघतो ते घरीच, आणि बघून बघून एक मत पक्कं झालंय ते मांडतो, पटलं नाही तर बिनधास्त भांडा. (खाली स्पॉयलर आहेत.) बहुतेक वेबसिरीज म्हणजे मुळात दोन तासांचा पिक्चर असतो, ओढूनताणून आठ एपिसोड केलेला. पहिला एपिसोड जबरदस्त, शेवटचे दोन बरे, मधे नुसतं पाणी. तिसऱ्या-चौथ्या एपिसोडला कुणाच्या तरी लहानपणाचा फ्लॅशबॅक हमखास येणार, तपास करणाऱ्या ऑफिसरचं बायकोशी पटत नसणार, आणि एपिसोड संपता संपता दारावर टकटक की कट, म्हणजे तुम्ही पुढचा लावलाच पाहिजे.

आता चेर्नोबिल घ्या, २०१९ ची, अणुभट्टीच्या स्फोटावरची. पाचच एपिसोड. त्यात छपरावरचा सीन आहे ना, स्फोटात उडालेले ग्रॅफाइटचे तुकडे फावड्याने परत खाली ढकलायचे आणि एका माणसाला फक्त ९० सेकंद, कारण रेडिएशन एवढं की त्यापुढे थांबायचंच नाही. तो सीन कट न करता दाखवलाय, कॅमेरा सैनिकाच्या मागेमागे, त्याचा श्वास, मीटरची कडकड, आणि परत येताना त्याचा पाय अडकतो आणि बूट फाटतो. बस. त्या माणसाचा फ्लॅशबॅक नाही, घरचं पत्र नाही, तरी घशाला कोरड पडते. १९५७ चा ट्वेल्व्ह अँग्री मेन तर ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एका खोलीत, आणि बारा माणसं कळतात. हीच स्क्रिप्ट आज कुणी घेतली तर बारा ज्युरींचे बारा एपिसोड करतील याची मला खात्री आहे.

मागच्या_रांगेतली:
अजिबात पटलं नाही. ब्रेकिंग बॅड ६२ एपिसोडची आहे, ती पिक्चरमधे बसवून दाखवा. सीझन तीनमधला माशीचा एपिसोड आठवतोय? अख्खा एपिसोड वॉल्टर आणि जेसी त्यांच्या ड्रग्ज बनवायच्या लॅबमधे एका माशीच्या मागे. तुमच्या हिशोबाने हेही पाणीच असणार. पण झोपेच्या गोळ्यांनी जड झालेला वॉल्टर जेव्हा जेसीच्या मेलेल्या मैत्रिणीबद्दल, जेनबद्दल सॉरी म्हणतो आणि शिडीवर चढलेल्या जेसीला काहीच कळत नाही की हा सॉरी कशासाठी म्हणतोय, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण आपण आधीच्या सीझनमधे ती गुदमरून मरत असताना त्याला तिच्या उशाशी नुसतं उभं राहून बघताना पाहिलंय. पिक्चरमधे असा सीन मिळेलच कसा, एवढा भूतकाळ आपल्या मनात साचायला वेळ तरी कुठे असतो.

दीडपट:
माझा उपाय सोपा आहे, १.५ स्पीड. नेटफ्लिक्सने २०२० मधे अँड्रॉइडवर स्पीड वाढवायचा ऑप्शन दिला तेव्हापासून मी क्राइम थ्रिलर तसेच बघतो. आठ तासांची सिरीज साडेपाच तासात उरकते, गोष्ट तीच, धक्के तेच. वेळ आपला आहे, कसा बघायचा ते आपण ठरवणार.

शांतता_राखा:
@दीडपट, राग मानू नका पण हे वाचून वाईट वाटलं. २०१९ मधे नेटफ्लिक्सची या स्पीडची टेस्ट चालू होती तेव्हाच ब्रॅड बर्ड, जड ऍपाटो या हॉलिवूडच्या दिग्दर्शकांनी जाहीर विरोध केला होता आणि बरोबरच होतं त्यांचं. कोर्ट पिक्चर बघा, चैतन्य ताम्हाणेचा. सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, एकेक दिवा बंद होतो, आणि आपण त्या काळोख्या कोर्टाकडे बघत बसतो, पिक्चर संपला असंच वाटतं. तुरुंगात अडकलेल्या लोकशाहिराची केस आता किती दिवस अशीच पडून राहणार हे कुणी बोलून सांगत नाही, त्या काळोखात बसून आपल्याला ते जाणवतं. एका बाईने बिनबाह्यांचं घातलंय म्हणून तिची केस पुढे ढकलली जाते तोही सीन असाच, शांतपणे. दीडपटीने त्यात काय उरेल? माहिती उरेल फक्त.

रात्रीचा_शो:
@मागच्या_रांगेतली माशीचा एपिसोड मलाही आवडतो, पण तो लॅबमधेच का घडतो तर बजेट संपत आलं होतं म्हणून, म्हणजे मर्यादा पडली तेव्हाच नेमकं काम झालं, हा माझाच मुद्दा झाला की. स्कॅम १९९२ चे दहा एपिसोडही मला चालले कारण रेडी फॉरवर्ड काय, बँक रिसीट काय, हे बँकांमधले व्यवहार नीट समजावल्याशिवाय घोटाळाच कळला नसता. माझं भांडण लांबीशी नाहीये, उगाच भरलेल्या पाण्याशी आहे.

फॅक्टचेक:
चेर्नोबिलचं कौतुक मान्य, पण आटोपशीरपणाची किंमत कुणी दिली ते पण सांगा. उलाना खोम्युक नावाची शास्त्रज्ञ प्रत्यक्षात नव्हतीच, अनेक शास्त्रज्ञांचं मिळून एक पात्र केलंय. आणि शेवटच्या एपिसोडमधे खटल्यात लेगासोव हा शास्त्रज्ञ लाल-निळ्या पाट्या लावून अणुभट्टी समजावतो तो सीन कितीही भारी असला तरी खरे लेगासोव त्या खटल्याला हजरच नव्हते. अजून तीन एपिसोड घेतले असते तर खऱ्या माणसांना जागा मिळाली असती. खऱ्या घटनेवर असेल तर मला लांब चालेल, खोटं नको.

रात्रीचा_शो:
खोम्युकचं शेवटी पाटी टाकून सांगितलंय त्यांनी, लपवलं नाहीये. पण खटल्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं बिनतोड आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

मागच्या_रांगेतली:
सगळे वेबसिरीजच्या मागे लागलात, डेली सोपवाल्यांना कोण विचारणार? चार दिवस सासूचे तीन हजारांवर एपिसोड चालली. आणि एका लग्नाची दुसरी गोष्ट २०१२ मधे सुरू होऊन त्याच वर्षी संपली, लोक अजून नाव काढतात. हे मात्र तुमच्या बाजूने जातं, जाऊ दे.

दीडपट:
कोर्ट मी नॉर्मल स्पीडलाच बघितलाय आणि तसाच बघेन, तो वेगळा विषय आहे. पण ज्या सिरीजमधे दर दहा मिनिटांनी ड्रोन शॉट आणि मग कोणीतरी गाडीतून उतरून गॉगल काढतो, तिथे दिग्दर्शकाची कुठली शांतता मी मोडतोय?

शांतता_राखा:
प्रॉब्लेम हाच की सवय लागली की कुठे थांबायचं ते बोट ठरवतं. दृश्यमचा पहिला तास कित्येकांना संथ वाटतो, अजय देवगणवाला धरा नाहीतर मोहनलालचा. पण केबलवाला रात्रभर ऑफिसात बसून पिक्चर बघतो, कुठल्या पिक्चरमधे काय झालं ते सगळं त्याच्या डोक्यात असतं, हे तुम्ही त्याच तासात बघितलेलं असतं. तो तास पळवलात तर पुढे घरच्यांना वाचवायला तो खोट्या तारखा लोकांच्या डोक्यात कशा बसवतो ते दिसेल, पण हे त्याला सुचलं कुठून ते दिसणार नाही.