अनुभव धागा : घर सोडून जाताना जनावर कोणावर सोपवता?

धागाकर्ती, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

"जाचं तं हाये, पण ढोराइले कोण पाहीन?" आमच्या भागात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. लग्न असो, तेरवी असो, नागपूरचा दवाखाना असो की पंढरीची वारी, निघताना सगळ्यात शेवटी पाय अडतो तो गोठ्याशी. तीन वर्षांपासून मी हेच काम पैसे घेऊन करते. लोक गावाला जातात, मी त्यांच्या घरी जाऊन त्यांची जनावरं सांभाळते. कुत्री, मांजरी, शेळ्या, दुधाची म्हैस, गवळाऊ जातीच्या बैलांची जोडी, सगळं.

पहिलं काम एका शिक्षक जोडप्याच्या कुत्र्याचं, मोतीचं होतं. मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी दोघं नऊ दिवस पुण्याला गेले होते. पहिले दोन दिवस मोतीनं अन्नाला तोंड लावलं नाही. दूधपोळी ठेवली, अंडं ठेवलं, गुरुजींचा वापरलेला दुपट्टा आणून त्याच्याजवळ अंथरला. तो दुपट्ट्यावर डोकं टेकवून फाटकाकडे पाहत राहायचा. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन लागला तेव्हा कळलं, गुरुजी जेवायला बसल्याशिवाय तो कधीच खात नाही. ही गोष्ट त्यांच्या इतकी अंगवळणी पडलेली की सांगायची राहूनच गेली. त्या संध्याकाळी मी त्याच्या ताटलीशेजारी माझा डबा उघडला. मी पहिला घास घेतला आणि त्यानं मान खाली घातली.

तेव्हापासून मी वही ठेवते. काम घेण्याआधी दोनदा त्या घरी जाते, एकदा दिवसा आणि एकदा चारापाण्याच्या वेळी. कोणत्या हाकेला येतं, कशाला बिचकतं, कोणत्या बाजूनं पिळू देतं, लस कधी टोचली, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर, सगळं लिहून घेते. एक प्रश्न मात्र मालकाच्या तोंडून वदवूनच घेते : तुमचा फोन लागला नाही आणि डॉक्टरांनी तातडीचा उपचार सांगितला, तर होकार कोणी द्यायचा? यावर बहुतेक जण गप्प होतात. पण नेमका हाच प्रश्न रात्री अकरा वाजता समोर येतो, आणि गोठ्यात तेव्हा फक्त मी असते.

तुम्ही कोणाचं जनावर सांभाळलं असेल, किंवा आपलं कोणावर सोपवून गेला असाल, तर लिहा. चुकलेलंही लिहा, त्यातून मला फार शिकायला मिळेल.


शेतकरी, दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

चुकलेलंच लिहितो.

आईच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस नागपूरला होतो. जुलै महिना, पेरणी होऊन पावसानं दडी मारलेली. बैलजोडी शेजाऱ्याच्या पोरावर सोपवली. पोरगा गुणी. कुटार, म्हणजे सुका चारा, संपत आलं म्हणून त्यानं बैल धुऱ्यानं, शेताच्या बांधानं, चारायला नेले. धुऱ्याला लागून ज्वारी होती, गुडघ्याएवढी, उन्हानं सुकलेली. बैल आत शिरले. त्याला वाटलं, हिरवं खाल्लं तर काय बिघडतं?

कोवळ्या ज्वारीत, त्यातही पाण्याच्या ताणावर आलेल्या, विष तयार होतं. आमच्याकडे त्याला किरळ लागणं म्हणतात. ज्वारी पोटात गेली की त्यातून सायनाइड सुटतं आणि रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकतं, तोल जातो, तोंडाला फेस येतो. घडी मोजायलाही वेळ मिळत नाही. पोरानं 1962 वर फोन केला. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा हा नंबर त्याला माहीत होता, हे माझं नशीब. गाडी आली, डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं. पांढऱ्या उठला. सोन्या गाडी यायच्या आधीच गेला होता.

पोरगा आठ दिवस माझ्यासमोर आला नाही. मीच त्याच्या घरी गेलो. त्याचा काय दोष? ज्वारीची ही गोष्ट मला बापानं सांगितली होती, मी त्याला सांगितली नव्हती. पांढऱ्या अजून आहे. जुवाच्या उजव्या बाजूला दुसरा बैल लावला की तो पहिले काही दिवस चालत नाही, मान वळवून पाहतो.

ताई, तुमच्या वहीत एक पान शेताचं ठेवा. कोणत्या धुऱ्याला काय पेरलंय, फवारणी कधी झाली. फवारलेल्या कपाशीतलं गवत कापून चारलं तरी जनावर दगावू शकतं.


बाळापूरकडचे काका, जिल्हा अकोला

राग मानू नका, पण मले हे पटत नाही. आमच्या गावात शेजाऱ्याचं ढोर पाहाचे कोणी पैसे घेतले नाहीत. आज त्याचं मी पाहीन, उद्या माझं तो पाहीन. मुक्या जिवाच्या सेवेचा हिशेब लावला तर गाव कशाले म्हणाचं?


धागाकर्ती

काका, राग अजिबात नाही. शेजारधर्म टिकावा असंच मलाही वाटतं. पण दोन गोष्टी मी जवळून पाहिल्यात. उपकारानं सांभाळलेलं जनावर आजारी पडलं तर सांभाळणाऱ्याला तोंड दाखवता येत नाही आणि मालकाला विचारता येत नाही. वर दारव्ह्याच्या दादांनी लिहिलंय तसे आठ दिवस दोन घरांत जातात. दुसरं, "शेजारी पाहतो" म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात शेण काढणारी आणि पहाटे धार काढणारी बहुतेक वेळा शेजाऱ्याची सून असते. तिला कोणी विचारलेलंही नसतं.

मी कुत्र्याचे दिवसाला दीडशे आणि दुभत्या म्हशीचे तीनशे घेते, चारा-ढेप (पेंड) मालकाची. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांच्याकडून शेणखत घेते, तेही नसेल तर नुसतंच करते. पैसे घेतल्यावर मात्र मी बांधलेली असते. ताप आहे, पाऊस आहे, घरी पाहुणे आहेत, असं काहीही सांगून मला सुटता येत नाही.


लाखांदूर तालुका, जिल्हा भंडारा

काकांना आणि ताईंना एक आठवण. हे काम गावाला नवं नाही, मोलानंच व्हायचं. माझे वडील ढोरकी होते. आमच्याकडे ढोरकी म्हणतात, तुमच्याकडे गायकी म्हणत असतील. सकाळी घरोघरची ढोरं आखरावर जमायची. वडील हाळी द्यायचे आणि दीड-दोनशे ढोरं घेऊन रानात जायचे. ढोरामागं वर्षाचं धान ठरलेलं असायचं. मोल होतं म्हणून सेवा कमी होती असं मला कधीच वाटलं नाही.

त्यांना अक्षर येत नव्हतं, पण संध्याकाळी आखरावर परत येताना एक नजर टाकून सांगायचे, "पाटलाची कपिली आली नाही." कोणती गाय आज माजावर आहे, कोणती दोन दिवसांत वेणार, कोणाच्या खुरात काटा आहे, हे घरच्या मालकाआधी त्यांना कळायचं. रानात गाय व्याली तर वासरू खांद्यावर घेऊन यायचे, मागून गाय हंबरत यायची. एकदा लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा वडिलांनी तोंडाला लाळ दिसलेली चार ढोरं आखरावरूनच परत पाठवली. मालक भांडले. वडील म्हणाले, "चार घरं रागावली तं चालन, दोनशे ढोरं गेली तं चालनार नाही."

आम्ही गोवारी, गुरं राखणारा समाज. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन असायचं. शेणाचा गोवर्धन करायचा, त्यावरून गाई न्यायच्या, ढालीची मिरवणूक निघायची. त्या दिवशी घराघरातून वडिलांना मान मिळायचा. पुढं गायरान आकसलं, ट्रॅक्टर आले, ढोरं कमी झाली. वडिलांनंतर आमच्या गावात ढोरकी कोणी झालं नाही. ताईंची वही वाचली आणि वाटलं, वडिलांच्या डोक्यात जे होतं ते पुन्हा कोणीतरी गोळा करतंय.


सिंदेवाही तालुका, जिल्हा चंद्रपूर

जंगलालगतच्या लोकांसाठी लिहितो. मे महिन्यात तेंदूपानाच्या तोडणीला कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर जातात आणि कुत्री मागं राहतात. माझा स्वतःचा वाघ्या अंगणात साखळीला होता. बिबट्यानं नेला. सकाळी नुसता पट्टा सापडला. मोकळा असता तर कदाचित ओट्याखाली शिरला असता, पळाला असता. साखळीनं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

आता दर उन्हाळ्यात तीन-चार घरची कुत्री माझ्याकडे असतात. दिवेलागणीनंतर एकही बाहेर राहत नाही, सगळी मागच्या खोलीत. उष्टं-खरकटं घराजवळ टाकत नाही, त्याला डुकरं आणि कुत्री येतात आणि त्यांच्या मागं बिबट्या. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पत्र्याच्या खोलीत कुत्रं दुपारी मरेल. कुत्र्याच्या अंगाला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. दुपारी कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात, ओल्या पोत्यावर, शेजारी पाण्याची कुंडी. रात्री खोलीतून एखादं गुरगुरलं की मी उठून कडी तपासतो. वाघ्या गेल्यापासून झोप सावधच आहे.


वरुड तालुका, जिल्हा अमरावती

थोडक्यात लिहिते, जास्त लिहवत नाही. मावशीची मांजर माझ्याकडे होती. अंग गरम लागलं म्हणून मी आम्ही घेतो ती तापाची गोळी, पॅरासिटामॉल, अर्धी करून दुधात दिली. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड सुजलं, हिरड्या निळसर झाल्या. तालुक्याला नेईपर्यंत ती गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हे औषध पचवायची सोयच मांजराच्या शरीरात नसते, थोडंसंही विष होतं. माणसाची कोणतीही गोळी जनावराला देऊ नका. कृपा करून हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.


उपकेंद्रातील परिचारिका, जिल्हा बुलढाणा

सांभाळणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहा. कुत्र्यानं चावलं, अगदी ओळखीच्या पिल्लाचा दात लागला तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे पंधरा. चुना, तिखट, हळद काही भरू नका. मग दवाखान्यात या. दंडात कातडीत लस देतात ती पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं. दोन डोसांनंतर "बरं वाटतंय" म्हणून न आलेल्या माणसाच्या घरी मी स्वतः जाऊन बसलेली आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की हातात काही उरत नाही.

आणि ताई, कुत्र्याचं काम घेताना लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय घेऊ नका. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिली लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.


अचलपूर तालुका, जिल्हा अमरावती

ज्यांना मालकच नाही त्यांचं काय, हा प्रश्न आम्हा सहा जणांना पडला होता. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हे एक सूत्र आहे. बाबा आमच्याच जिल्ह्याचे, भिंतीवर ते सूत्र सगळ्यांनी वाचलेलं. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं. गावातली मोकाट कुत्री धरायला कोणी तयार नव्हतं. मग लक्षात आलं, प्रत्येक कुत्र्याला रोज भाकर टाकणारी एक तरी बाई असते. त्या बायांना बोलावलं. त्यांनी हाक मारली, मांडीशी धरलं, डॉक्टरांनी लस टोचली. दोन दिवसांत सगळ्या गल्ल्या झाल्या.

काही जण म्हणत होते, कुत्री गाडीत भरून जंगलात सोडा. आम्ही केंद्र सरकारचे 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम ग्रामसभेत वाचून दाखवले. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं त्याच जागी परत सोडायचं असतं. तिथली कुत्री हलवली की रिकाम्या जागेत दुसरीकडची येतात, बिनलसीची. नसबंदीची सोय तालुक्याला अजून नाही, त्यासाठी अर्ज देत आहोत.


देवळी तालुका, जिल्हा वर्धा

मी ताईंकडूनच शिकलो. मागच्या पोळ्याला एका बाबांची जोडी माझ्याकडे होती. बाबा दवाखान्यात. आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानांनी तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकले. आवतन द्यायची वेळ आली तेव्हा बाबांच्या मुलानं दवाखान्यातून फोन लावला. मी फोन बैलांच्या कानाशी धरला. बाबांचा आवाज खोल गेलेला, तरी शब्द न् शब्द कळला : "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तोरणाखाली नेलं, पुरणपोळी चारली. बाबांनी त्याच रात्री विचारलं, "दोघायले बरोबरीनं देली ना?" दिली होती.


बाळापूरकडचे काका

आठ दिवसांनी परत लिहीत आहे. पोरीचं बाळंतपण नागपूरले आहे, आम्हा दोघाइले जा लागते. शेजारची सून स्वतः बाळंतीण होऊन माहेरी गेली आहे, हे मले विचारायले गेल्यावर समजलं.

ताई, आर्वी तं दूर पडते. पण आमच्या गावातली एक पोरगी तुमच्यासारखं काम कराले तयार झाली आहे. तिच्या वहीसाठी मी लिहिलं ते बरोबर आहे का पाहा :

म्हैस भुरी, पूर्णाथडी, तिसऱ्या वेताची. हाक "ये माय". पहाटे पाचले आणि सांजले सहाले धार. उजव्या अंगानं बसा, डाव्या अंगानं लाथ मारते. आधी वगार सोडा, चार घोट पिऊ द्या, मंग पान्हा सोडते. पान्हा नाही सोडला तं इंजेक्शन देऊ नका, थांबा, पाठीवरून हात फिरवा. सरकी ढेप भिजवून, कोरडी नाही. दुपारी अंगावर पाणी टाका, म्हशीले ऊन सोसत नाही. मोटरसायकलच्या आवाजाले बिचकते. मागच्या धुऱ्याले ज्वारी आहे, तिकडे नेऊ नका. उपचाराचा होकार माझ्या पुतण्याचा, तो गावातच आहे, त्याले सांगून ठेवलं आहे.

पोरीले रोजचे तीनशे ठरवले. धार काढाले दोन दिवस आधीच बोलावलं आहे, म्हणजे भुरी तिले ओळखीन. आणखी काही राह्यलं असन तं सांगा, मंगळवारी निघाचं आहे.