भरती येतेय आणि मृतदेह वाळूत आहे: हात लावायचा की नाही?

सड्यावरचा (धागाकर्ता)
आमच्या शेजारच्या गावी मध्यंतरी किनाऱ्याला एक मृतदेह लागला. पोलीस पोचेपर्यंत अर्धा गाव तिथे होता. चौघांनी उचलून तो सुरूच्या बनापर्यंत वर आणला. कुणी घरून चादर आणून घातली, कुणी खिसे चाचपून पाकीट काढलं आणि ओळख पटवली. सगळं माणुसकीनेच, वाद नाही. तरीही मला वाटतं, गुन्हेगार जेवढा पुरावा पुसत नसेल तेवढा आपण चांगल्या मनाने पुसतो, आणि पुढे आरोपी सुटला की पोलिसांच्या नावाने खडे फोडायला मोकळे.

फ्रान्सच्या लियों शहरात १९१० साली एडमों लोकार यांनी पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतं, या त्यांच्या सूत्रावर गुन्ह्याचा पुरावा तपासायचं शास्त्र उभं आहे. पण ते सूत्र बघ्यांनाही लागू पडतं! त्या चादरीवर घरच्या चार माणसांचे केस, मांजराचे केस, गोधडीचे धागे असणारच. ते सगळं आता मृतदेहावर.

म्हणून माझं मत सरळ आहे. धुगधुगी आहे का बघा. असेल तर पुरावा गेला खड्ड्यात, आधी माणूस वाचवा. नसेल तर ११२ ला फोन करा आणि कुणालाही जवळ फिरकू देऊ नका. भरती येत असली तरी.

हर्णैकर
"भरती येत असली तरी" हे सड्यावर बसून लिहायला बरं. दर्या पंचनाम्याला थांबत नाही. ओहोटीला वाळूत लागलेलं मढं सहा तासांच्या आत परत पाण्यात जातं, आणि मग ते कुठल्या खाडीच्या तोंडाला लागेल ते देवाला ठाऊक. ठाण्यावरून गाडी निघणार, घाट उतरणार, रस्ता पावसाने खचलेला. तोवर घरच्यांनी काय लाटांकडे बघत बसायचं? पुरावा राहावा म्हणून अख्खा देहच घालवायचा, हे कुठलं शास्त्र?

वेंगुर्लेकर
बरोबर बोललात हर्णैकर. माका एक सांगा, उद्या तो आपलोच माणूस असलो तर धागाकर्ते असाच लिवतले काय?

काळा कोट
भावनेचा मुद्दा बाजूला ठेवतो. मृतदेह पाण्यातून वर काढला म्हणून गुन्हा दाखल होत नाही, ही भीती गावागावांत उगाच पसरलीय. पुरावा नाहीसा करण्याचं कलम, म्हणजे न्याय संहितेचं २३८, जुन्या दंड संहितेचं २०१, गुन्हेगाराला वाचवायचा हेतू असेल तेव्हाच लागतं.

पण कोर्टात काय होतं तेही ऐका. साक्षीदार नसला की खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर चालतो, आणि तिथे १९८४ चा शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र हा निकाल आजही मोजपट्टी आहे. पुराव्याची साखळी इतकी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यताच उरू नये. बचावाचा वकील उभा राहतो आणि विचारतो, देह पहिल्यांदा नेमका कुठे होता? कुणी हलवला? पाकीट कुणी काढलं, त्यात पैसे होते का? चार साक्षीदार चार उत्तरं देतात. मी स्वतः बचावाच्या बाजूने हे प्रश्न विचारलेत, आणि उत्तरं फाटली की आम्हाला आनंदच होतो. तेव्हा हर्णैकर, वर काढा, पण कुठून काढला हे सांगता आलं पाहिजे.

नळी आणि चिमटा
प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त. धागाकर्त्याचं लोकार बरोबर, पण उदाहरण चुकीच्या जागी लावलंय. लाटांत घुसळून निघालेल्या देहावर परका धागा किंवा केस टिकलेला असण्याची आशा मुळात थोडी. चादरीने फार बिघडलं नाही. तोच देह कोरड्या घरात, पडवीत सापडला असता तर मीच चादरवाल्याला ओरडलो असतो.

पाण्यातल्या मृत्यूत खरा प्रश्न हा की माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला. त्यासाठी डायटम बघतात. ही पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, त्यांचं कवच सिलिकाचं. बुडताना पाणी फुप्फुसात शिरतं, हृदय चालू असेल तर ते कण रक्तातून हाडांच्या मगजापर्यंत पोचतात. मगज नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की बाकी सगळं विरघळतं, कवचं उरतात. समुद्रातल्या आणि विहिरीतल्या जाती वेगळ्या. देह समुद्रात मिळाला आणि मगजात गोड्या पाण्याचे डायटम निघाले, तर तपास गावातल्या विहिरींकडे वळतो. हा पुरावा कुणा गावकऱ्याच्या हाताने पुसला जात नाही. मात्र तुलनेसाठी त्या जागेच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घ्यावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. (ही चाचणी एकटी निर्णायक धरायची की नाही यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही नोंदवतो.)

ओढताना मात्र जपा. खडकावरून फरफटत आणला की खरचटतं. मेल्यानंतरच्या ओरखड्याला सहसा रक्त साकळत नाही, तो पिवळट, चामड्यासारखा दिसतो, म्हणून डॉक्टर ओळखतात. पण "आम्ही खडकावरून आणला" हे त्यांना कुणी सांगितलेलं असलं तर काम सोपं. ओठ-पापण्या कुर्ल्यांनी, माशांनी खाल्लेल्या असतात त्यावरूनही गावात खुनाच्या गजाली सुरू होतात.

दादरचा चाकरमानी
एवढा खल कशाला? आता डीएनए आहे. एक थेंब रक्त मिळालं की विषय संपला. बाकी पंच, पंचनामा ही इंग्रजांच्या काळातली कागदपत्रं.

नळी आणि चिमटा
थेंब मिळाला, पण कशाचा? कोकणात कोयत्यावरचा लाल-तपकिरी डाग रातांब्याचा असतो, माशाचा असतो, कधी नुसता गंज. पहिली चाचणी फिनॉल्फ्थॅलिनची: डागावर कापूस फिरवायचा, थेंब टाकायचा, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत गुलाबी झाला तर रक्त *असू शकतं*. सुरमईच्या रक्तानेही तो गुलाबीच होतो, हिमोग्लोबिन तिथेही आहेच. माणसाचंच आहे हे ठरवायला प्रतिरक्तद्रव लागतो (अँटिसीरम, माणसाच्या रक्ताशी मिसळला की गढूळ होणारा द्रव), ती युक्ती जर्मन शास्त्रज्ञ उलेनहुट यांनी १९०१ मध्ये दाखवली. डीएनए त्याच्या पुढची पायरी.

आणि त्या पायरीपर्यंत नमुना जिवंत पोचला पाहिजे. जुलै महिना, रक्ताने भिजलेला शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड गच्च बांधलेलं. उघडली की आधी वास येतो, मग कॉलरपासून खिशापर्यंत हिरवी-काळी बुरशी दिसते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातला असता तर बहुतेक वाचला असता. कोकणच्या दमट हवेत हे एक शिकवलं तरी पुष्कळ झालं.

काळा कोट
चाकरमानी, पंचनाम्याला नावं ठेवू नका. थेंब कुठून उचलला, सील कुणी केलं, मुद्देमाल ठाण्यातून लॅबला कधी गेला हे त्यातूनच सिद्ध होतं. नाहीतर अचूक अहवालसुद्धा कुणाचा म्हणायचा? आणि तज्ज्ञही चुकतात. २००४ च्या माद्रिद स्फोटांनंतर एका बोटाच्या ठशावरून एफबीआयने अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाला अडकवलं होतं. ठसा दुसऱ्याचाच निघाला.

सड्यावरचा
नळी, डायटमचं मान्य. पण माझा आक्षेप चादरीपुरता नव्हता. पाकीट, मोबाइल, पायातली चप्पल, मानेभोवतीची दोरी, या वस्तू तर समुद्र नेत नाही ना? त्या लोक नेतात. दोरी सोडताना गाठच सोडतात, आणि गाठ कशी मारली होती हाच पुरावा असतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७६ (३) मध्ये, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं असं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत. उद्या तज्ज्ञ येतील, पण बघायला काय उरेल?

पाटीलकी
मी पोलीस पाटील आहे, कुठल्या गावचा ते राहू द्या. तज्ज्ञ येतील तेव्हा येतील, पहिला तास माझ्याकडे असतो, आणि माझ्याकडे ना टेप ना हातमोजे. मी काय करतो ते लिहितो. जाळ्याची दोरी काठीला बांधून कडं करतो आणि पोरांना बाहेर पिटाळतो. पाणी अंगाशी येत असेल तर ठाण्यात फोन करून सांगतो की हलवतोय. आधी लांबून फोटो, खडक नाहीतर जेटी दिसेल असा. मग जवळून. देह होता तिथे ओली वाळू मोडण्याआधी दोन खुणा. मग चौघांनी उचलून न्यायचा, फरफटत नाही. दोरी असली तर ती तशीच. खिशाला हात नाही. गावात दोन शिव्या खाव्या लागतात, खातो.

हर्णैकर
हे पटलं. हेच धागाकर्त्याने आधी लिहिलं असतं तर मी भांडलो नसतो.

सड्यावरचा
मी अजूनही म्हणतो, पाणी अंगाशी येईपर्यंत हलवू नये. तुमच्याकडे "भरती येतेय" म्हणून ओहोटीलाच उचलतात.

काळा कोट
पाटील, ते फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता ना? तिथे फोटो दाबून लहान केला जातो आणि काढल्याची वेळ-जागा ही माहिती निघून जाते. मूळ फोटो मोबाइलमध्ये ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं.

पाटीलकी
म्हणजे मोबाइल जप्त होणार?

काळा कोट
होऊ शकतो.

पाटीलकी
मग त्यासाठी बायकोचा जुना मोबाइल वापरीन. त्यावर कॅमेरा बरा आहे, फक्त रेंज येत नाही.