पीडब्ल्यूएम म्हणजे व्होल्टेज नव्हे

भाऊ, खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या रिमोटमधला जॉयस्टिकचा पॉट (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करणारा रेझिस्टर) काढून त्या जागी आर्डुइनोची (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची) पीडब्ल्यूएम, म्हणजे ठोके देणारी, पिन थेट जोडली आणि हेलिकॉप्टर थरथरायला लागलं, असं तुम्ही म्हणता. थरथरणारच! त्या पिनवर स्थिर व्होल्टेज नसतं, सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद होणारे ठोके असतात. रिमोटमधली चिप कधी ५ व्होल्ट वाचते, कधी शून्य. पिन आणि रिमोटच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या रिमोटकडच्या टोकापासून ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, म्हणजे ठोक्यांचं जवळजवळ स्थिर व्होल्टेज होतं. प्रतिसाद दशांश सेकंदाने मंदावतो, खेळण्याला तेवढं चालतं. दोन्हीकडचं ग्राउंड एकच हवं.

त्याआधी मल्टिमीटरने पॉटच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. माझ्या रिमोटला ३.३ निघालं, म्हणून प्रोग्राममध्ये २५५ (म्हणजे पूर्ण ५ व्होल्ट) ऐवजी १६८ वर मर्यादा घातली. सुरुवातीला थ्रॉटल (हेलिकॉप्टरच्या पंख्याचा वेग) शून्यावरच ठेवा. मी विसरलो, आणि स्वारी थेट आईच्या वाळत घातलेल्या बिबड्यांवर उतरली. पुढचं काय सांगू!

तुमचा रिमोट इन्फ्रारेडवाला असेल तर अंगणात उडवायचा नाद सोडा. उन्हातही इन्फ्रारेड असतंच, रिसीव्हर आंधळा होतो. आणि आपल्या भुसावळचं ऊन तर विचारूच नका. घरात, पंखा बंद करून उडवा.