इंदूरमध्ये प्रथमच भाड्याने सदनिका घेत आहे. तातडीने मार्गदर्शन हवे

गोपाचल
मी ग्वाल्हेरची असून पुढच्या आठवड्यात इंदूरला नोकरीवर रुजू होत आहे. एक सदनिका पसंत पडली आहे, परंतु दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून उद्या दुपारपर्यंत न पाठवल्यास ती दुसऱ्याला दिली जाईल, असे मला सांगण्यात आले आहे. करारात कोणत्या अटी असाव्यात, एवढेच कृपया लवकर सांगावे.

राजवाड्यामागे
सदनिका कोणत्या भागात आहे आणि आपण ती प्रत्यक्ष पाहिली आहे का? करारापेक्षा आधी पाण्याचे विचारा. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, त्यामुळे टाकी केवढी आहे, बोअरिंग उन्हाळ्यात टिकते का आणि टँकर मागवावा लागल्यास त्याचे पैसे कोणी द्यायचे, हे आधीच ठरलेले बरे.

गोपाचल
विजयनगरजवळ आहे. छायाचित्रे पाहिली आहेत. माझा प्रश्न कराराबद्दल होता.

जुना भाडेकरू
एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची असल्यामुळे सर्वत्र अकरा महिन्यांचा करार करतात. घर सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, अनामत किती दिवसांत परत मिळेल, त्यातून रंगकामाचे पैसे कापणार का आणि वीज स्वतंत्र मीटरवर आहे की मालक ठरवेल त्या दराने, हे स्पष्ट लिहून घ्यावे. मुद्रांकावर नोटरी केली की काम झाले.

सप्तपर्णी
काम झाले कसे म्हणता? नोटरीसमोर सह्या होतात. घर सही करणाऱ्याचेच आहे की नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

जुना भाडेकरू
मी आजवर असेच करार केले आणि कधी अडचण आली नाही.

रामबागकर
एकट्या मुलीने सदनिकेचा खटाटोप कशाला करावा? आमच्या रामबागेत मराठी कुटुंबांत खोली मिळते, शिवाय डब्याचीही सोय होते.

हिशेबनीस
जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल आणि वार्षिक भाडे १ लाख रुपयांहून अधिक असेल, तर घरमालकाचा पॅन आजच मागून ठेवा.

गोपाचल
सवलतीचे मी विचारले नव्हते, तरी पॅन मागितला. घरमालक पुण्याला असतात, मी त्यांचा भाचा आहे आणि पैसे माझ्याच खात्यावर पाठवा, असे उत्तर आले.

सप्तपर्णी
ही बाब पहिल्याच संदेशात यायला हवी होती. नगर निगमाची संपत्तीकराची पावती व ताजे वीजबिल मागा, त्यांवरील नाव मालकाच्या ओळखपत्राशी ताडून पाहा आणि मालकांशी स्वतः बोला. करारावर भाचा सही करणार असेल, तर त्याच्याकडे मुखत्यारपत्र हवे. तोवर एक रुपयाही पाठवू नका.

राजवाड्यामागे
आणि नळ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

गोपाचल
अनामत थांबवली आहे. शनिवारी येऊन सदनिका पाहीन. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती मी द्यायची की मालकांनी?

सप्तपर्णी
मालकांनी. पोच मात्र तुम्ही मागून घ्या.