मदत हवी आहे : ईस्टरच्या सुट्टीत बोआक येथे सहकुटुंब राहण्याबाबत

नमस्कार. आम्ही कामानिमित्त मनिलात राहतो आणि येत्या ईस्टरला मारिन्दुके बेटावरील बोआक या गावी जाण्याचा विचार आहे. सोबत वयस्कर सासूबाई आणि शाळकरी मुलगी असेल. पवित्र सप्ताहात तेथे रोमन सैनिकांचे रंगवलेले लाकडी मुखवटे घालून मोरियोनेस म्हणवणारे लोक रस्तोरस्ती फिरतात आणि येशूच्या रक्ताने दृष्टी लाभलेल्या लाँजिनस या रोमन सैनिकाची, त्याच्या शिरच्छेदापर्यंतची कथा सादर करतात. ही परंपरा मुलीने तिथल्या लोकांमध्ये उभे राहून पाहावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

लुसेनाच्या दालाहिकान बंदरातून सुटणाऱ्या फेरीला त्या आठवड्यात गावी परतणाऱ्यांची मोठी गर्दी असते, तेव्हा सासूबाईंच्या दृष्टीने कोणत्या दिवशी निघणे सोयीचे ठरेल? त्याहून मोठी काळजी जेवणाची आहे, कारण त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि पिनाकबेतसारख्या भाजीतही मासे किंवा जवळा खारवून केलेले बागूंग घालतात. गुड फ्रायडेला बरीच दुकाने बंद असतात, म्हणून डाळ-तांदूळ आम्ही सोबत नेऊच. परंतु स्वयंपाकाची सोय असलेली, शक्यतो तळमजल्यावरची खोली बोआकमध्ये मिळते का, आणि ती किती आधी ठरवावी लागते? ज्येष्ठांना घेऊन तेथे राहिलेल्यांनी कृपया सविस्तर कळवावे.