मदत हवी आहे: एचिंग क्रीमने बरण्यांवर नक्षी, पांढरेपणा सारखा येत नाही

वाणवाली
संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून २५ काचेच्या बरण्या द्यायच्या आहेत. नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेल्या साध्या ३०० मिलीच्या, टिनच्या झाकणाच्या. समोर ‘तिळगूळ घ्या’ आणि खाली ४ × ४ सेंमीचा भरीव पतंग, असं एचिंग क्रीमने (काचेचा पृष्ठभाग खाऊन तो दुधी-पांढरा करणारं क्रीम) करायचं आहे. स्टेन्सिल रेडियमवाल्याकडून कापून आणली. नमुन्याच्या बरणीवर करून पाहिलं तर:

पतंग ढगाळ आला. कुठे पांढरा, कुठे नुसती काच.
अक्षरांच्या कडा फुटल्या. वेलांटी-उकारांपाशी क्रीम स्टेन्सिलखाली गेलं.
क्रीममध्ये साखरेसारखे खडे आहेत. डबीच खराब निघाली का?

डबीवर ५ मिनिटं लिहिलंय. १५ ठेवलं तरी तसंच. आणखी ठेवू का? काम मागच्या गॅलरीत, सकाळी करते. बरण्या निळ्या ग्लास क्लीनरने पुसल्या होत्या.

काचकाम
ताई, डबी खराब नाही, थंडी वाजून राहिली तिला. या क्रीममध्ये अमोनियम बायफ्लोराईडसारखे क्षार असतात. जानेवारीत आपल्याकडे सकाळी पारा १०-१२ अंशांवर असतो, त्या थंडीत हे क्षार खडे धरतात. खडे म्हणजे काम करणारा मालच गोठून बसलेला, म्हणून ते गाळून फेकू नका. झाकण घट्ट लावून डबी कोमट पाण्यात (हाताला सोसेल इतकंच, साधारण ४० अंश) १५-२० मिनिटं ठेवा, मग प्लास्टिकच्या चमच्याने सावकाश ढवळा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. थोडी कणी राहिली तर चालते.

बरणीही गार नको. काच गार असली तर क्रीम तिथेच मंदावतं. काम दुपारी १२ ते ४ मध्ये घ्या.

वेळ वाढवून फायदा नाही. क्रीम काचेतल्या सिलिकावर काम करतं आणि त्यातून तयार होणारे क्षार पृष्ठभागावरच बसतात. खरखरीतपणा त्यातूनच येतो, पण त्यामुळे खोली वाढत जात नाही. डबीवरची वेळ पाळा. फिकं वाटलं तर स्टेन्सिल न काढता धुवा, कोरडं करा, मागे काळा कागद धरून बघा आणि पुन्हा ताजा थर द्या. ओल्या काचेवर एचिंग दिसतच नाही, त्यामुळे ओलं असताना निकाल लावू नका. स्टेन्सिल एकदा निघाली की ती पुन्हा त्याच जागी बसत नाही.

आणि तो निळा क्लीनर बंद करा. त्याचा पातळ थर काचेवर राहतो. भांड्याच्या साबणाने धुवा, सुकवा, मग मेडिकल स्टोअरमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती कापडावर पुसा. त्यानंतर बरणी तोंडाला आणि बुडाला धरायची. अंगठ्याचा तेलकट ठसा हुबेहूब एचिंगमध्ये उतरतो.

खटपट्या
पतंगाचं उत्तर माझ्या मते नक्षीत आहे. क्रीम बारीक रेघेला फार छान, भरीव भागाला बेभरवशाचं. ब्रश फिरला तिथे पट्टे आणि हवेचे बुडबुडे अडकले तिथे टिकल्या दिसणारच. १६ चौ. सेंमीचा भरीव चौकोन हट्टाने का करायचा? पतंगाची ३ मिमी जाडीची बाह्यरेषा घ्या, आत आडव्या-उभ्या काड्या आणि शेपटीला दोन-तीन झुबके. भरीवच हवा असेल तर आत २-३ मिमीच्या तिरप्या पट्ट्या भरा, लांबून भरीवच दिसतो.

क्रीम ‘लावायचं’ नाही, ओतून ठेवायचं. थर ३ मिमी हवा, काच दिसता कामा नये. मऊ ब्रशने टेकवत जा, घासू नका. मधेच दोनदा हलक्या हाताने हलवा म्हणजे बुडबुडे फुटतात. बरणी आडवी ठेवून दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी लावा, नाहीतर गोल काचेवरून क्रीम ओघळतं.

अक्षरशत्रू
स्टेन्सिलबद्दल. दुकानदाराला ‘रेडियम’ म्हटलं की तो गाड्यांचं चमकणारं रिफ्लेक्टिव्ह शीट लावतो. ते जाड आणि ताठ असतं, बरणीच्या गोलाईवर कडा उचलतं. साधं ग्लॉसी व्हायनल (पातळ, चकचकीत स्टिकर शीट) मागा. शिवाय त्याला सवय उलटी: तो अक्षरं ठेवून बाजूचं काढून देतो. आपल्याला अक्षर निघून बाजूचं व्हायनल राहायला हवं. हे आधी सांगा, आणि वर ट्रान्सफर टेप (कापलेले तुकडे जागेवर धरून एकदम उचलणारी चिकटपट्टी) लावूनच घ्या.

मराठी मजकुराची एक खास अडचण आहे. अक्षरं शिरोरेघेवर एकमेकांवर चढलेली असतात. कोरलमध्ये (दुकानदाराच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये) वेल्ड केलं नाही, म्हणजे अक्षरं जोडून एकच आकार केला नाही, तर प्लॉटर (कापणारं मशीन) प्रत्येक अक्षराची हद्द वेगळी कापतो, जोडावर बारीक चकत्या राहतात आणि शिरोरेघेत न उमटलेल्या फटी दिसतात. वेल्ड झाल्याचं पडद्यावर वायरफ्रेममध्ये (नुसत्या बाह्यरेषांत) दाखवायला सांगा. तुमच्या मजकुरात ‘घ्या’च्या जोडाक्षराकडे विशेष बघा. ‘ळ’च्या आतले पोकळ तुकडे ट्रान्सफर टेपवर टिकलेत ना, तेही मोजून घ्या. सगळ्यात बारीक रेघ २ मिमीपेक्षा कमी नको.

चिकटवताना मधून बाहेर, जुन्या एटीएम कार्डाने दाबत जा. बरणी वर-खाली निमुळती असेल तर स्टेन्सिलच्या बाहेरच्या कडेला चार-पाच चिरा द्या, सुरकुत्या मिटतात. शेवटी कापलेल्या प्रत्येक कडेवर चमच्याची पाठ फिरवा. वेलांटी-उकारांपाशी नेमकं हेच राहून गेलं असणार.

भाजीबाजार
एवढं कशाला, संडास साफ करायचं अॅसिड लावा, १०० रुपयांत काम.

काचकाम
नाही होत दादा. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्याने काच झिजत नाही. ते आम्ल प्रयोगशाळेत काचेच्याच बाटलीत ठेवतात. काचेवर फ्लोराईडच चालतं. आणि ‘काच खाणारं अॅसिड’ म्हणून सुटं हायड्रोफ्लोरिक कुणी दिलं तर घरात आणूसुद्धा नका.

वाणवाली
सगळ्यांचे आभार. तीन शंका. २५ बरण्यांना क्रीम किती लागेल? धुवायचं कुठे, बेसिनमध्ये चालेल का? आणि काही जणींना बोरोसिलिकेटचे (उष्णता सोसणाऱ्या काचेचे) पेले द्यायचं चाललंय, त्यावर येईल का?

रसायनखोली
पेल्यांचा नाद सोडा. बोरोसिलिकेटवर उमटणं फिकं आणि विस्कळीत येतं. साधी सोडा-लाइम काच उत्तम. अॅक्रिलिकवर तर काहीच होत नाही.

क्रीमचा हिशोब: उघडा भाग ५ × ५ सेंमी धरला तर २५ चौ. सेंमी × ०.३ सेंमी = ७.५ मिली, रेघांची नक्षी असेल तर ओघळण्यासाठीचा भाग धरूनही कमीच. पाच बरण्या एका खेपेला घेतल्या तर ४० मिलीच्या आत. बहुतेक क्रीम पुन्हा वापरता येतं. प्लास्टिकच्या पट्टीने निपटून डबीत परत टाका. १०० मिली पुरून उरेल.

बेसिनमध्ये मात्र नको. चिनी मातीची आणि टाइल्सची चकाकी म्हणजे काचच, तीही कायमची मंद होते. निपटून झालं की बरणी प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात बुडवून स्पंजने पुसा, मग दुसऱ्या बादलीत. पहिल्या बादलीत आधीच मूठभर विझवलेला चुना कालवून ठेवा. खायचा सोडा आम्लपणा मारतो, पण फ्लोराईडला धरून खाली बसवतो तो चुन्यातला कॅल्शियम. गाळ बसल्यावर वरचं पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडा. पहिला धुवा फवाऱ्याखाली घेऊ नका, तुषार डोळ्यात जातात.

हातमोजे नायट्राईलचे, मनगटावर चढणारे. चष्मा बंद कडांचा. खिडक्या उघड्या, मुलं आणि मांजर बाहेर. ओलाव्यात या क्षारांतून थोडं हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. ते कातडीतून आत जातं, आणि जळजळ काही तासांनीसुद्धा सुरू होऊ शकते. थेंब पडला तर ‘दुखत नाही’ म्हणून बसू नका. लगेच वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धरा आणि डबी सोबत घेऊन मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) जा. तिथे ‘फ्लोराईड’ हा शब्द सांगा, उपचार कॅल्शियम ग्लुकोनेटचा असतो.

खटपट्या
एक जोड: बरणीच्या आतून एचिंग नको, तोंडापासून १ सेंमी जागा सोडा. आणि घरी बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात आरओच्या पाण्याचा द्या. बोअरचे क्षार वाळले की पांढरे डाग पडतात आणि एचिंग बिघडल्यासारखं वाटतं. कापडावर व्हिनेगर घेऊन पुसा. डाग गेला तर तो पाण्याचा होता, राहिला तर क्रीमचा.

वाणवाली
व्हिनेगरने पुसलं. अक्षरांभोवतीची पांढुरकी झाक गेली, फुटलेल्या कडा राहिल्या. म्हणजे बोअरही आणि कडाही. ग्लॉसी व्हायनल सांगून आलेय, पतंग रेघांचा केला. त्या नमुन्याच्या बरणीचं काही करता येईल का?

अक्षरशत्रू
एचिंग पुसता येत नाही. सिरियम ऑक्साईडने घासून काच पॉलिश होते, पण एका बरणीसाठी तो खटाटोप परवडत नाही. फुटलेल्या अक्षरांभोवती ठिपक्यांची चौकट करून घ्या, ३ मिमीचे ठिपके, दाट. कडा त्यात मिसळून जातात. किंवा घरीच ठेवा, तीळ भरायला.