अनुभव धागा: गेममधलं क्राफ्टिंग तुम्ही कसं वाढवलंत?

सुगरणपाखरू

काल भाचा नाचतच आला. ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये त्याचं क्राफ्टिंग, म्हणजे वस्तू बनवायचं कौशल्य, ९२ लेव्हलला पोचलं. "मावशी, आता सातच उरल्या!" म्हटलं, सोन्या, आत्ता कुठे निम्मं झालंय. पटेना. मग तक्ताच उघडून दाखवला. ९२ ला ६५,१७,२५३ एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि शेवटच्या ९९ ला १,३०,३४,४३१. दर सात लेव्हलनंतर बेरीज साधारण दुप्पट होते, त्या गेमचा जुनाच खवचटपणा आहे तो. पोरगं गपगार.

तो गेला आणि माझं जुनं सगळं वर आलं. परीक्षेच्या दिवसांत मी गेममधल्या ल्युम्ब्रिजच्या किल्ल्यात फ्लॅक्स (जवसाचे तंतू) कातत बसायचे. चरखा मधल्या मजल्यावर, बँक सगळ्यात वर, मध्ये जिना. एका फ्लॅक्सची एक दोरी, तिचे १५ एक्सपी. २८ खान्यांची पिशवी भरून २८ दोऱ्या झाल्या की चढा, ठेवा, नवीन माल घ्या, उतरा. शेजारी कातणाऱ्या कुणीतरी एकदा चॅटमध्ये विचारलं, तू एक्सपी मोजतेस की पायऱ्या? माझं तेव्हा जे मत झालं ते आजही कायम आहे. वेळ वस्तू बनवण्यात जात नाही, बँकेच्या वाटेत जातो.

म्हणून पुढचं सगळं बँकेसमोर उभं राहून केलं. एक छिन्नी आणि २७ रत्नं. सॅफायर २० ला, एमराल्ड २७, रुबी ३४, डायमंड ४३. (ओपल, जेड, टोपाझ घाव घालताना फुटतात, त्यांच्या नादी लागू नये.) ६३ झाल्यावर ग्रीन ड्रॅगनहाईडच्या बॉडी, म्हणजे ड्रॅगनच्या चामड्याची चिलखतं. एकीला तीन चामडी, १८६ एक्सपी. सुई आणि दोरा दोन खाने अडवतात, उरले २६, म्हणजे ८ बॉडी आणि वर दोन खाने रिकामे. ते दोन रिकामे खाने मला अजून खुपतात.

तर लिहा. गेम कुठलाही चालेल. गाईडमधले तक्ते नकोत, ते भाच्यालाही सापडतात. तुम्ही स्वतः काय केलंत, काय जमलं, कशाचा वीट आला, ते सांगा.

टवाळबाज

मी पयला. सतरंजी अंथरली आहे.

ठोकेकरी

रुनस्केपमधलं नाईट्स सोर्ड हे क्वेस्ट (मोहीम). त्याआधी ऐरणीला हातच लावू नये.

१२,७२५ एक्सपी एका दमात, स्मिथिंग (लोहारकाम) १ वरून थेट २९. मायनिंग १० लागतं. गुहेत बर्फाचे राक्षस अंगावर येतात, पण त्यांच्याशी लढायचं नसतं, पळायचं असतं. तरी लोक ब्राँझचे खंजीर ठोकत बसलेले दिसतात तेव्हा जीव तुटतो.

४० नंतर केल्डाग्रिम शहरातल्या ब्लास्ट फर्नेस या भट्टीत सोनं वितळवायचं. गोल्डस्मिथ गाँटलेट्स हे हातमोजे घातले की एका बारला २२.५ च्या जागी ५६.२ एक्सपी. फॅमिली क्रेस्ट क्वेस्ट केलं की ते मिळतात. खरी मजा पुढे आहे. बार इतके तापलेले असतात की उचलायला आईस ग्लोव्ह्ज लागतात. म्हणजे सोनं पट्ट्यावर टाकताना एक जोडी, बार काढताना दुसरी. सुरुवातीला चिडचिड होते, मग हात आपोआप चालतात. ६० च्या आत असाल तर फोरमनला दर दहा मिनिटांना २,५०० नाणी मोजावी लागतात. द्या आणि मोकळे व्हा, घासाघीस चालत नाही.

कोवळीउन्हं

दादा तुमचं वाचूनच दमले. पट्टा, दोन जोड्या, फोरमन... माझ्या मांडीवर बाळ आहे, एक हात मोकळा.

कॅननबॉल, म्हणजे तोफेचे गोळे. स्मिथिंग ३५ आणि ड्वार्फ कॅनन क्वेस्ट झालेलं हवं. एजव्हिलच्या भट्टीशी जायचं, साचा आणि २७ स्टील बार, एक क्लिक, आणि पुढची दोन-अडीच मिनिटं गेम आपला आपला चालतो. एका बारचे चार गोळे, २५.६ एक्सपी. तेवढ्यात लंगोट बदलून होतो. वेग कासवाचा आहे हे मान्य, पण मला तासाला किती हे विचारूच नका, माझ्याकडे सलग तास नसतो.

उठलं. नंतर येते

टवाळबाज

"एक्सपी प्रति लंगोट" हे माप गाईडवाल्यांनी तातडीने लागू करावं.

हिशेबनीस

सगळे तासाला एक्सपी किती ते बघतात, एका एक्सपीला नाणी किती पडली ते कुणी बघत नाही. तीन चामड्यांचा भाव, त्यातून तयार बॉडीचा भाव वजा, भागिले १८६. हे सोडवल्याशिवाय मी एकही चामडं विकत घेत नाही.

ग्रीन बॉडीला एक आधार आहे. हाय अल्केमी (वस्तूची नाणी करणारा मंत्र) केली की गेम तिचे ४,६८० देतोच, बाजार कसाही असो. मॅजिक ५५, दर वेळी एक नेचर रून आणि पाच फायर रून (मंत्राला खर्च होणारे दगड). आगीची काठी हातात धरली तर फायर रून लागतच नाहीत. त्यामुळे बॉडीचा भाव एका मर्यादेखाली फारसा टिकत नाही, कुणीतरी उचलून अल्क करतंच. शिवाय मॅजिकचे ६५ एक्सपी वर मिळतात. एका दगडात दोन पक्षी.

आणि घाई नसेल तर ग्रँड एक्सचेंज या गेममधल्या बाजारात चालू भावापेक्षा थोडी कमी बोली लावून झोपा. चार तासांची खरेदीमर्यादा असल्याने एका दमात डोंगरभर माल तसाही मिळत नाही. घाईगर्दीत "आत्ताच हवं" म्हणून बटण दाबणाऱ्यांच्या जिवावर माझं घर चाललंय (गेममधलं).

उंटावरचा_शहाणा

धागाकर्तीच्या दोन रिकाम्या खान्यांवर उतारा: बॅटलस्टाफ, म्हणजे काठीला ऑर्ब (जादूचा गोळा) जोडायचा. १४ काठ्या, १४ ऑर्ब, सुई नाही, छिन्नी नाही, २८ च्या २८ भरले. वॉटर ५४ ला जमतो, १०० एक्सपी. एअर ६६ ला, १३७.५. काठ्या महाग वाटत असतील तर वॅरॉक शहराच्या डायऱ्या (ठरलेल्या कामांच्या याद्या) पुऱ्या करा. तिथला काठ्यांचा दुकानदार झाफ रोज ७,००० नाण्यांना एक अशा काठ्या बाजूला काढून ठेवतो, सोप्या डायरीवर १५, एलिटवर १२०. आम्ही दुसरं काही खेळलो नाही तरी झाफकडची फेरी चुकवत नाही.

सुगरणपाखरू

उंटावरून खाली उतरा, पाया पडते. १४ आणि १४. किती सुंदर.

हिशेबनीस, तुमची चामडी घेऊन तुम्हालाच बॉडी विकणारी कदाचित मीच होते.

हिशेबनीस

असाल तर भाव जास्त लावला होतात.

जुनीखोड

रुनस्केपवाल्यांचं चाललंय ते चालू द्या, मी वॉरक्राफ्ट क्लासिकचा. टेलरिंग. आमच्याकडे एक्सपी मोजायची भानगडच नाही, रंग बघायचा. नारिंगी कृती म्हणजे गुण नक्की, पिवळी म्हणजे बहुतेक वेळा, हिरवी म्हणजे नशीब, राखाडी म्हणजे सोडून द्या. ३०० ला संपतं.

लोक नारिंगी दिसली की ढीगभर बनवत सुटतात. मी उलटं करायचो. ज्या वस्तूचा पुढे कच्चा माल होतो ती आधी. लिननचा तागा लेव्हल १ ला येतो, एकाला दोन कापडं, आणि पुढच्या कितीतरी कपड्यांना तोच लागतो. म्हणून तो राखाडी होईपर्यंत तागेच तागे. एकही वाया जात नाही. हिरव्या रंगात महाग कापड घालणं म्हणजे मात्र लॉटरी, त्यापेक्षा ट्रेनरकडे जाऊन नवी कृती शिकून या.

अवांतर: आमच्या गिल्डमध्ये एक जण सगळ्यांना पिशव्या शिवून द्यायचा, फुकट. फक्त कापड आपण द्यायचं. त्याचं टेलरिंग आमच्या कापडावर पुरं झालं हे आम्हाला फार उशिरा कळलं. मानलं पाहिजे.

ठोकेकरी

तो माणूस आता नक्की कुठेतरी मॅनेजर असणार.

निनावी_७

एवढं क्लिक करण्यापेक्षा ऑटोक्लिकर का लावत नाही कोणी? विचारतोय फक्त.

उंटावरचा_शहाणा

"विचारतोय फक्त" म्हणणाऱ्याचं खातं आधी जातं. नियमात बसत नाही. माझ्या ओळखीत एकाचं गेलंय, ९० च्या घरातल्या लेव्हलींसकट.

एकलकोंडा

रुनस्केपचा आयर्नमॅन इथे. एक्सचेंज, भाव, बोली, आमच्यासाठी सगळं बंद. जे लागेल ते स्वतः आणा.

काचकाम हाच आमचा रस्ता आणि तो मला आवडतोही. वाळू आणि समुद्री शेवाळ. यानिलचा बर्ट, त्याचं हँड इन द सँड क्वेस्ट केलं की रोज ८४ बादल्या वाळू बँकेत टाकतो. फुकट. त्याच्याइतकं भलं कॅरेक्टर त्या गेममध्ये दुसरं नाही. जायंट सीवीड फॉसिल आयलंडजवळ पाण्याखाली लावायचं, फार्मिंग २३ लागतं. मग मॅजिक ७७ वर सुपरग्लास मेक, १८ वाळू आणि ३ जायंट सीवीड, एका मंत्रात काच. थोडी काच जमिनीवर सांडते. उचलायची की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. मी उचलतो. वाळू माझी, शेवाळ माझं, सोडू कशाला?

काच झाली की फुंकत बसा. ४६ ला अनपॉवर्ड ऑर्ब, ५२.५ एक्सपी. फुंकणी एक खाना खाते, २७ उरतात. हे काम मी फक्त दुसऱ्या खिडकीत काहीतरी ऐकत असताना करतो.

कोवळीउन्हं

आले परत. झोपलं एकदाचं.

एकलकोंडा, काय ऐकता? मला सध्या ऐकायला काहीच मिळत नाही, डोक्यात अंगाईच फिरते दिवसभर.

एकलकोंडा

जुनी व्याख्यानं. आवाज एकसुरी असला पाहिजे, नाहीतर क्लिक चुकतात.

टवाळबाज

म्हणजे माझे बॉस चालतील. रेकॉर्ड करून पाठवू?

आठहाती

फायनल फँटसी १४. नावावरून समजलं असेल, हस्तकलेचे आठही पेशे एकाच कॅरेक्टरवर. सुतार, लोहार, चिलखतकार, सोनार, चांभार, विणकर, किमयागार, आचारी. हाच तिथला मोठा फायदा, सोनाराला लागणारा तुकडा लोहाराने करून द्यायचा आणि दोघं आपणच.

वेगासाठी लेव्ह, म्हणजे परवाना खर्चून घ्यायची छोटी कामं. दर १२ तासांना तीन परवाने मिळतात, १०० पर्यंत साठतात. म्हणजे महिनाभर खेळला नाहीत तरी शंभरी भरून वाट बघत असतात. लोक ते जमवतात आणि मग एकाच पेशावर एका बैठकीत उडवतात. माल एचक्यू (उच्च दर्जाचा) दिला तर मोबदला जास्त. म्हणून मी बनवायला घेण्याआधी अंगावरचे कपडे आणि हत्यारं बघते. दहा लेव्हल जुनी हत्यारं घेऊन बसलं तर एचक्यू येत नाही आणि परवाने साध्या मालावर जातात.

मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते. आचाऱ्याबद्दल अजून लिहायचंय.

गल्लीबोळ

मोबाईलवर अल्बियन हा ऑनलाइन गेम. प्रवासात तेवढंच जमतं.

प्रीमियम सदस्यत्व असेल तर रोज १०,००० फोकस गुण, ३०,००० ला साठा भरतो आणि त्यावरचा वाया. म्हणजे तीन दिवसांतून एकदा तरी हजेरी लावायलाच हवी. फोकस लावला की बनवताना कच्चा माल जास्त परत मिळतो. आणि कच्च्या मालावर प्रक्रिया करायची तर शहर बघून काम करा. चामडं मार्टलॉकला, लाकूड फोर्ट स्टर्लिंगला, धागा लिमहर्स्टला, धातू थेटफर्डला, दगड ब्रिजवॉचला. दुसरीकडे केलंत तर तो बोनस मिळत नाही. मी मार्टलॉकलाच घर केलंय, लाकडाचं तोंड बघत नाही. एकाच वस्तूचं स्पेशलायझेशन वाढलं की तिला फोकस कमी लागतो, मग त्याच १०,००० मध्ये जास्त माल निघतो. चार गोष्टी अर्ध्या शिकण्यात काही हशील नाही तिथे.

मालवाहतूक रेड झोनमधून (जिथे दुसरे खेळाडू मारून माल लुटतात) करू नका. पुढे काही बोलत नाही.

जुनीखोड

किती गेलं?

गल्लीबोळ

बोलत नाही म्हटलं ना.

संथवाहते

सगळे इतके शिस्तीचे बघून बोलावं की नाही असं झालं. मी रुनस्केपमध्ये सीअर्स व्हिलेजला शेतात जाऊन फ्लॅक्स स्वतः वेचते, मग कातते, मग त्याच दोऱ्या मेपल लाँगबोंना लावते. फ्लेचिंग (धनुष्यबाण बनवणं) ५५, ५८.३ एक्सपी, दांडा कोरायला एकदा आणि दोरी लावायला पुन्हा तेवढेच. झाडही स्वतःच तोडते. बाजारातून घेतलं तर कैक पटीने वेगाने होईल, ठाऊक आहे. पण त्या शेतात कायम कुणीतरी भेटतं आणि बोलतं. ग्रँड एक्सचेंजवर हजार लोक उभे असतात, कुणी हूं की चूं करत नाही.

सुगरणपाखरू

संथवाहते, लिहिलंत ते बरं झालं. अगदी उलट मत आहे माझं, तरी पटलं.

मनगटाचं कोणी काही लिहिलं नाही अजून. मी माऊस डाव्या हातात घ्यायला शिकले होते, दर बँकफेरीला हात बदल. आणि खान्यांवर ओळीने क्लिक करत बसायचं नाही. एकदाच "सगळे बनव" निवडलं की स्पेस दाबून काम सुरू होतं. निम्मे क्लिक वाचतात.

कोवळीउन्हं

स्पेसने होतं??? इतके दिवस कोणी बोललं का नाही

ठोकेकरी

ताई, ऐरणीवरही होतं.

निनावी_७

ठोकेकरी दादा, ते नाईट्स सोर्ड फ्री खात्यावर होतं का? सुरू केलंय, तो बुटका काही बोलायलाच तयार नाही.

ठोकेकरी

होतं. थर्गोला, त्याच बुटक्याला, रेडबेरी पाय (फळं भरलेला भाजका पदार्थ) दे, मग पोपटासारखा बोलेल.

निनावी_७

पाय कुठून आणू?

ठोकेकरी

एक्सचेंजवरून घे. नाहीतर स्वतः भाज, कुकिंग १० लागतं.

निनावी_७

माझं ४ आहे.

टवाळबाज

आठहाती बाई कपडे वाळत घालून आल्या की त्यांना विचार.